सनद, दाखल नोंदवही आणि गळके कौल : सीमाभागातल्या एका वाचनालयाचे प्रकरण

हे प्रकरण बेळगाव जिल्ह्यातल्या एका लहान गावाचे आहे. गाव, संस्था आणि माणसे यांची नावे दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. या संस्थेचे कागद लावण्याच्या कामात माझा सहभाग होता. सीमाभागातल्या मराठी वाचनालयांबद्दल बोलताना आपण नेहमी भाषेच्या प्रश्नापाशी थांबतो. तो प्रश्न खराच आहे. पण हे वाचनालय बंद पडायच्या बेताला आले ते मुख्यतः कागदपत्रांमुळे, आणि वाचले तेही कागदपत्रांमुळेच. म्हणून हा सारा क्रम नीट मांडून ठेवावा असे वाटले.

पार्श्वभूमी

गाव जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटाकडच्या बाजूला आहे. आठवड्याचा बाजार मोठा, पाऊस भरपूर. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही, आणि काही घरांत कोकणी. बेळगाव शहरातले सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. त्याचे पाहून पुढच्या पन्नासएक वर्षांत तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांतही वाचनालये निघाली. या गावातले वाचनालय त्याच लाटेतले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. काढणारे म्हणजे दोन-तीन वकील, शाळामास्तर, मामलेदार कचेरीतले कारकून आणि किराणा-कापडाचे व्यापारी. सुरुवातीला पुस्तके थोडी आणि वर्तमानपत्रे जास्त होती. ‘केसरी’ १८८१ पासून निघत होता. एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, अशी पद्धत होती.

१९१६ च्या एप्रिलमध्ये टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली ती बेळगावात. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले तेही बेळगावातच. या दोन्ही वेळी वाचनालयाची वर्गणीदार संख्या वाढल्याचे इतिवृत्तात दिसते. राजकारणाने वाचक आणले, आणि आलेले वाचक मग कथा-कादंबऱ्यांकडेही वळले. दगडी भिंती, मंगलोरी कौले, पुढे लांब पडवी, आत सागवानी कपाटे अशी इमारत याच काळात पुरी झाली. पडवीच्या एका टोकाला बायकांसाठी वेगळी बसायची जागा होती, तिचे दारही वेगळे. त्या काळातल्या लहान गावासाठी ही मोठी गोष्ट होती, आणि पुढच्या कथेत तिला महत्त्व आहे.

मुंबई सरकारने नेमलेल्या फैजी समितीच्या शिफारशींनंतर, स्वातंत्र्याच्या सुमाराला तालुका आणि पेटा (तालुक्याहून लहान महसुली विभाग) वाचनालयांना सरकारी अनुदान सुरू झाले. या संस्थेलाही ते मिळू लागले. रक्कम लहान होती, पण तिच्या जोरावर ग्रंथपालाचा पगार नियमित झाला, आणि दाखल नोंदवही, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक क्रमाने नोंदण्याची वही, एका हाताने, एका शिस्तीने लिहिली जाऊ लागली. मी पाहिलेल्या वह्यांमध्ये सर्वांत नेटकी पाने याच आठ-दहा वर्षांची आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ नंतर

राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. वाचनालयांच्या दृष्टीने या रेषेचा अर्थ फारसा कुणी सांगत नाही. ऑक्टोबर १९५६ पर्यंत ज्या दोन गावांची वाचनालये एकाच कलेक्टर कचेरीकडे हिशेब पाठवत होती, त्यांना पुढे दोन वेगळे कायदे लागू झाले.

महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात ग्रंथालय कर नाही. संस्था लोकांचीच राहते, आणि मान्यता मिळाल्यावर अ, ब, क, ड अशा वर्गानुसार अनुदान घेते. म्हैसूरचा कायदा त्याच्याही आधीचा, १९६५ चा. त्याची रचनाच निराळी आहे. घरपट्टीवर ग्रंथालय कर बसतो (आज तो रुपयामागे सहा पैसे आहे), त्या पैशातून सरकारचे ग्रंथालय खाते स्वतःची ग्रंथालये चालवते, नोकर सरकारी असतात. हा कायदा वाईट नव्हता. वाचनासाठी वेगळा कर ठेवणे ही मला आजही दूरदृष्टीची गोष्ट वाटते. मात्र लोकांनी उभ्या केलेल्या जुन्या वाचनालयांना वर्षानुवर्षे पोसण्याची महाराष्ट्रासारखी वर्गवार सोय त्यात नव्हती. परिणाम असा झाला की गावातला मराठी घरमालक ग्रंथालय कर भरत राहिला आणि त्याच्या आजोबांनी काढलेले वाचनालय वर्गणीवर जगत राहिले.

पहिला निर्णय : खात्याचा प्रस्ताव

साठच्या दशकाच्या शेवटी खात्याकडून विचारणा झाली की वाचनालय इमारत आणि पुस्तकांसह सरकारी शाखा म्हणून द्याल का. कार्यकारी मंडळाने एकमताने नकार दिला. हा ठराव वाचताना काळ ध्यानात घ्यावा लागतो. सीमाप्रश्नावर केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ च्या ऑगस्टमध्ये आला होता, बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवावे असे त्यात म्हटले होते, आणि गावागावात संताप होता. अशा वेळी मराठी वाचनालय सरकारजमा करा, असे कुणी सुचवणेही शक्य नव्हते.

नकार समजण्यासारखा आहे. पण ठरावात मधल्या वाटेचा विचारच दिसत नाही. इमारत आणि पुस्तके संस्थेची ठेवून एक खोली भाड्याने शाखेला देता आली असती. तसे झाले नाही, आणि शाखा बसस्टँडमागच्या भाड्याच्या खोलीत सुरू झाली. तिथे पगारी माणूस होता, नवी कन्नड पुस्तके येत होती, पण जुने वाचक फिरकत नव्हते. इकडे वाचक होते, पण पगाराला पैसे नव्हते. पुढची पन्नास वर्षे एका लहान गावात दोन अर्धी वाचनालये चालली.

दुसरा निर्णय : पडवीतली दुकाने

ऐंशीच्या दशकात पडवीचे दोन गाळे करून एक शिंप्याला आणि एक स्टेशनरीवाल्याला भाड्याने दिले. पैशाची गरज खरी होती. पण गाळे निघाले ते नेमके बायकांच्या बसण्याच्या जागेवर, आणि वेगळे दार त्यात गेले. वर्गणीदारांची वही पाहिली तर पुढच्या तीन-चार वर्षांत बायकांची नावे झरझर कमी होताना दिसतात. इतिवृत्तात मात्र याची एक ओळही नाही. भाड्याची बेरीज दरवर्षी वाचून दाखवली गेली, गेलेल्या वाचकांची मोजदाद कुणी केली नाही. या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत महाग निर्णय मी यालाच म्हणेन. घरात पुस्तक आणणारी बाई गेली की तिच्या मुलांचे वाचनालयात येणेही थांबते.

भाडेकरारही पहिल्यानंतर नवे झाले नाहीत. भाडे त्याच जुन्या आकड्यावर थांबले.

प्रश्न उभा राहिला तो

काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात छपराचे आढे खचले, मधल्या दालनाची कौले सरकली आणि दोन कपाटांवर पाणी आले. ग्रंथपालबाई अत्यल्प मानधनावर एकट्या काम करत होत्या. कार्यवाहांना त्यांनी विचारले, “पावसात बादल्या मांडू की पुस्तकं देऊ, सांगा की ओ.” दुरुस्तीसाठी बँकेतली ठेव काढायला मंडळी गेली, तेव्हा खरा प्रकार कळला. खात्यावर सह्या करणाऱ्या तिघांपैकी दोघे वारले होते. नवी नावे लावायची तर निबंधकाकडे नोंदलेल्या कार्यकारी मंडळाची यादी लागते. कर्नाटकाच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार ही यादी दरवर्षी द्यायची असते, आणि ती कित्येक वर्षे दिलीच नव्हती. कायद्याच्या नजरेत संस्थेला चालक नव्हते. स्वतःची ठेव असूनही कौले बदलायला पैसे नाहीत, अशी अवस्था झाली.

त्याच वेळी एका बांधकाम व्यावसायिकाचा प्रस्ताव आला. जुनी इमारत पाडायची, तीन मजले बांधायचे, खाली दुकाने, मध्ये कार्यालये, आणि वरच्या मजल्यावर वाचनालयाला नवे, कोरडे, टाइल्स घातलेले दालन फुकट द्यायचे.

कोणते पर्याय तोलले

सर्वसाधारण सभेत चार मते पुढे आली. जुनी पुस्तके बेळगाव किंवा कोल्हापूरच्या मोठ्या संस्थेला देऊन टाकावी, हे एक. गावच्या लोकांना ते पटले नाही आणि चर्चा फार चालली नाही. दुसरे, खात्याला आता तरी इमारत द्यावी. तिसरे, वर्गणी गोळा करून छप्पर दुरुस्त करावे. आणि चौथा तो तीन मजल्यांचा प्रस्ताव, ज्याच्या बाजूने निम्मी सभा होती.

त्या निम्म्या सभेला लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यात दोन निवृत्त शिक्षक होते ज्यांनी आयुष्यभर या वाचनालयाला वर्गणी दिली. त्यांचे म्हणणे सरळ होते. गळक्या छपराखाली पुस्तके कुजण्यापेक्षा सिमेंटच्या छताखाली टिकतील, आणि दुकानांच्या भाड्यातून ग्रंथपालाला पगार मिळेल. विरोधकांकडे उत्तर म्हणून भावना होती, हिशेब नव्हता. मला दोन प्रश्न विचारावेसे वाटले. वाचनालयाचे रोजचे वाचक बहुतेक साठीच्या पुढचे आहेत, ते दुसऱ्या मजल्यावर कसे चढणार? आणि जागा नक्की कुणाच्या नावावर, कोणत्या अटीवर आहे?

दुसऱ्या प्रश्नाला सभेत उत्तर नव्हते. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर संस्थेचे नाव होते, तेवढे पुरे असे सगळे धरून चालले होते. निर्णय पुढे ढकलावा आणि आधी मूळ कागद शोधावेत, एवढे मात्र दोन्ही बाजूंनी मान्य केले.

कपाटातला मोडी कागद

सर्वांत जुने इतिवृत्त मोडीत होते. मोडी १९५० च्या सुमाराला शाळांतून गेली, त्यामुळे गावात ते वाचणारे कुणी उरले नव्हते. दोन पिढ्यांनी ही वही जपली, दसऱ्याला तिची पूजा केली, पण ती वाचली नाही. कोल्हापूरहून मोडीचे एक जाणकार आले आणि दोन दिवस बसून त्यांनी वही लावून दिली. तिच्यात सनदेची नक्कल उतरवलेली होती. जागा सरकारने दिलेली, आणि अट अशी की तिचा उपयोग सार्वजनिक वाचनालयासाठीच व्हावा, अन्य उपयोग झाल्यास जागा सरकारकडे परत जाईल.

एका ओळीने चित्र पालटले. तीन मजली इमारत बांधली असती तर अटीचा भंग कुणीही दाखवून दिला असता, आणि जमीनच गेली असती. पडवीतले दोन गाळेही याच अटीत अडकतात, हेही त्याच दिवशी उघड झाले. म्हणजे ज्यांना पाडकाम नको होते त्यांनाही ही ओळ सोयीची नव्हती. मंडळाने ती लपवली नाही, पुढच्या सभेत मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्याने वाचून दाखवली. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत आदर वाटतो तो या कृतीबद्दल.

काय केले

पहिले काम निबंधकाचे. थकलेल्या वर्षांच्या याद्या आणि हिशेब दंडासह दाखल केले, रीतसर निवडणूक घेतली, नवे मंडळ नोंदले, मग बँक खाते उघडे झाले. यातच जवळपास एक वर्ष गेले. त्या काळात कौलांवर ताडपत्री होती.

ठेव मोकळी झाल्यावर फक्त छपराचे काम काढले. आढे आणि कुजलेले वासे बदलले, रीप नवी घातली, चांगली कौले धुऊन परत बसवली. भिंतींना रंग, नवे फर्निचर, संगणक यांचे देणगीदार पुढे येत होते, कारण अशा वस्तूंवर नाव घालता येते. आढ्यावर नाव घालता येत नाही. मंडळाने देणगीदारांना थांबायला सांगितले, आणि ते थांबले.

भिजलेल्या पुस्तकांचे काम ग्रंथपालबाई आणि शाळेच्या मुलींनी केले. उन्हात न टाकता सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद घालून वाळवणे, चिकटलेली पाने ओढून न सोडवणे, बुरशी आलेली पुस्तके वेगळ्या खोलीत ठेवणे. कपाटे भिंतीपासून हातभर पुढे ओढली, कारण आमच्याकडच्या पावसात भिंत ओल धरते आणि वाळवी भिंतीतूनच येते.

मग दाखल नोंदवही हातात घेऊन एकेक पुस्तक पडताळले. यात एक निवड करावी लागली. स्कॅन करायला पैसे थोडेच होते. बहुतेकांना गाजलेल्या जुन्या कादंबऱ्या आधी स्कॅन कराव्याशा वाटत होत्या. माझे मत निराळे होते. त्या कादंबऱ्या पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात आहेत. पण गावातल्या छापखान्यात छापलेली पत्रके, शाळेचे जुने अहवाल, नाट्यमंडळाच्या जाहिराती, आसपासच्या गावांतल्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका या दुसरीकडे मिळण्याची आशा फार कमी. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत भरणारी संमेलने ही सीमाभागाची स्वतःची परंपरा आहे आणि तिची कागदी आठवण अशाच कपाटांत आहे. शेवटी हे स्थानिक कागद आधी घेतले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क चालतो, म्हणून अलीकडच्या लेखांच्या बाबतीत घरच्यांची लेखी परवानगी घेतली.

कन्नड पुस्तकांचा निर्णय सर्वांत अवघड गेला. गावातली बरीच मराठी मुले आता कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात जातात. त्यांना मराठी वाचायला येते, पण अभ्यासाला कन्नड पुस्तके लागतात. एक बाजू म्हणाली की कन्नड कपाट आले की मराठी कपाट मागे जाईल. दुसरी बाजू म्हणाली की मूल एकदा दारात आले तर दोन्ही कपाटे पाहील. तोडगा असा निघाला की कन्नड पुस्तके विकत घ्यायची नाहीत, खात्याच्या शाखेकडून पुस्तकांची फिरती (ठरावीक काळाने बदलून मिळणारी) पेटी मागायची, आणि संस्थेचा खरेदीचा पैसा मराठी पुस्तकांवरच खर्चायचा. बसस्टँडमागच्या शाखेचे ग्रंथपाल आनंदाने तयार झाले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलेच नव्हते. पाटीही दोन भाषांत झाली. राज्यात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा नियम आल्यावर पाट्यांवरून गावोगाव तणाव होता. मंडळाने वाद वाढण्याआधीच वर कन्नड, खाली मराठी अशी नवी पाटी लावली, आणि मूळची दगडात कोरलेली मराठी पाटी दारावर होती तशी ठेवली.

परिणाम

छप्पर तीन पावसाळे टिकले आहे. रोज येणारे वाचक वाढले, पण फार नाही. सकाळी तीच वर्तमानपत्रवाली मंडळी असतात, संध्याकाळी मात्र स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले येतात आणि त्यांच्यामुळे दिवा उशिरापर्यंत लागतो. मराठी कथा-कादंबऱ्यांची देवघेव जवळपास पूर्वीइतकीच आहे. लहान मुलांच्या पुस्तकांची वाढली.

स्टेशनरीच्या गाळ्याचा प्रश्न समजुतीने सुटला. त्या दुकानदारांचे म्हणणे एवढेच होते, “सोडतो की, पण इतकी वर्षं दिलेल्या भाड्याची पावती तरी द्या.” मंडळाचीच नोंदणी नसल्याने संस्था रीतसर पावती देऊ शकली नव्हती. नव्या मंडळाने मागचे सगळे भाडे लिहून घेऊन पावती दिली. त्या जागी बायकांसाठी आणि मुलांसाठी खोली झाली, बंद केलेले वेगळे दार पुन्हा उघडले. शिंप्याचा गाळा मात्र अजून तिथेच आहे. दुसऱ्या पिढीचा उदरनिर्वाह त्यावर आहे, आणि मंडळाला कोर्टात जायचे नाही.

ग्रंथपालबाईंचे मानधन वाढले, पण त्याला अजूनही पगार म्हणता येणार नाही. हे या प्रकरणाचे सर्वांत मोठे अपयश आहे, आणि छपराच्या यशात ते झाकले जाऊ नये.

वेगळे काय करता आले असते

खात्याला १९६० च्या दशकात दिलेला नकार मी बदलणार नाही, पण त्याच ठरावात एक खोली शाखेला भाड्याने देण्याची तयारी दाखवायला हवी होती. आज फिरत्या पेटीने जे साधले ते तेव्हाच साधले असते, आणि खोलीच्या भाड्यावर छप्पर राखले गेले असते.

पडवी भाड्याने द्यायचीच होती, तर बायकांच्या दारापासून दूरचे टोक द्यायला हवे होते. सभेला बायका नव्हत्या, म्हणून हे कुणी बोलले नाही. आजच्या मंडळात दोन स्त्रिया आहेत. घटनेत तशी सक्ती नाही, ती घालावी असा माझा आग्रह आहे.

निबंधकाकडची यादी दरवर्षी कोण देणार, हे एका माणसाच्या लक्षावर सोडले गेले, आणि तो माणूस गेल्यावर संस्थाच थांबली. आता वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत पहिला विषय मागच्या वर्षीच्या यादीची पोच वाचून दाखवणे हा असतो.

केंद्राची राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही संस्था १९७२ पासून आहे, आणि जुन्या वाचनालयांच्या वर्धापन वर्षांसाठी तिची मदत मिळू शकते. संस्थेच्या शताब्दीच्या वेळी हे कुणाला ठाऊक नव्हते. शताब्दीला मंडप, भाषणे आणि स्मरणिका झाली. तो खर्च आढ्यावर झाला असता तर पुढचा पावसाळा वाचला असता. मदतीसाठी आता केलेला अर्ज राज्याच्या ग्रंथालय समितीकडे आहे.

मूळ सनद अजून मिळालेली नाही, हाती आहे ती इतिवृत्तातली नक्कल. तहसीलदार कचेरीत प्रमाणित प्रतीसाठी अर्ज दिला आहे. शिंप्याच्या गाळ्याबाबत सरकारकडून अटीत सवलत मागायची की त्या कुटुंबाला गावात दुसरी जागा शोधून द्यायची, यावर मंडळात दोन तट आहेत, आणि प्रत हातात येईपर्यंत तो विषय सभेपुढे आणायचा नाही असे ठरले आहे.